स्प्रिंग गेम बघून संघ कळतो का? (मिशिगन, वसंत २०२४)

नॉर्थकॅम्पस | २१ एप्रिल २०२४, सकाळी ९:१०

काल मिशिगन विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचा स्प्रिंग गेम, म्हणजे वसंतातला आपसातला सराव सामना, बघून आलो. दरवर्षी जातो. तिकीट नसतं, पार्किंगची मारामारी नसते. सप्टेंबरात जिथे बसायला खिसा रिकामा करावा लागतो, तिथे एप्रिलमध्ये पाय पसरून बसता येतं. थंडी होतीच. थर्मासमधला चहा दुसऱ्या क्वार्टरलाच संपला. लेक तिथेच शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. ती निम्मा वेळ फोनमध्ये.

परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, मग आपण यंदा चांगले आहोत की नाही?" आणि मला उत्तर देता येईना. पंधरा वर्षं हा खेळ बघतोय! म्हणून हा धागा.

ज्यांनी मध्ये बघणं सोडलं त्यांच्यासाठी: ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून आपण १५-० (पंधरा जिंकले, शून्य हरले) आणि राष्ट्रीय विजेते. त्यानंतर सोळा दिवसांत मुख्य कोच जिम हार्बॉ एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमधल्या चार्जर्सकडे. बचावाचा कोऑर्डिनेटर जेसी मिंटर आणि व्यायामाचा कोच बेन हर्बर्ट हेही त्यांच्या मागोमाग. क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, पास टाकणारा) जे. जे. मॅकार्थी गेला, २७ टचडाउन पळून काढणारा ब्लेक कोरम गेला आणि ओ-लाइन (क्वार्टरबॅकपुढे भिंत करणारी पोरं) तर झाडून सगळी गेली. आता शेरोन मूर मुख्य कोच.

माझा गोंधळ असा. स्प्रिंग गेममध्ये दोन्हीकडे आपलीच पोरं. लांब पास पकडला की टाळ्या वाजवायच्या, की आपला कॉर्नरबॅक (पास अडवणारा) गंडला म्हणून कपाळाला हात लावायचा? मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँटची डी-लाइन (समोरची भिंत फोडणारी बचावाची रांग) सरावात आपल्याच ओ-लाइनला भारी पडतेय असं मार्चपासून ऐकतोय. म्हणजे डी-लाइन लोखंडाची आहे, की ओ-लाइन पापडाची?

तरी अंदाज टाकतो: १०-२. मूर मुळात ओ-लाइनचाच कोच. देशातल्या सर्वोत्तम ओ-लाइनचं जो मूर पारितोषिक २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं ह्याच्याच पोरांनी आणलं (आडनाव एक, नातं काही नाही). गेल्या नोव्हेंबरात हार्बॉ निलंबित असताना पेन स्टेटविरुद्ध ह्याने सलग ३२ डाव नुसते पळवून सामना काढला. असा माणूस ओ-लाइन कच्ची ठेवेल?

---

एफवन_अवस्था | २१ एप्रिल, सकाळी १०:४२

काका, मी ऑगस्टमध्येच आलोय, एमएस करतोय. रूममेटने काल ओढून नेलं. कळलं काहीच नाही, पण बँड भारी होता. दोन बाळबोध प्रश्न: मॅचेस सप्टेंबरात असतात ना, मग एप्रिलमध्ये हे काय चाललंय? आणि क्वार्टरबॅकला कोणी पाडत का नव्हतं? नुसता हात लागला की शिट्टी.

---

आकडेमोड | २१ एप्रिल, सकाळी ११:३०

@एफवन_अवस्था, प्रश्न बाळबोध नाहीत. दुसऱ्या प्रश्नातच अर्ध्या धाग्याचं उत्तर आहे.

नियमाप्रमाणे वसंतात ३४ दिवसांच्या आत फक्त १५ सराव घेता येतात. त्यातल्या १२ मध्ये अंगाला अंग भिडवायची परवानगी, आणि खरोखर पाडापाडी फक्त ८ मध्ये. स्प्रिंग गेम हा बहुधा शेवटचा, पंधरावा. त्यानंतर थेट ऑगस्ट. क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते, म्हणजे "ह्याला पाडायचं नाही". एप्रिलमध्ये त्याचा गुडघा गेला तर कोचला डिसेंबरात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आता ह्याचा परिणाम बघा. ॲलेक्स ऑर्जीची खरी ताकद काय? तो अंगाने भक्कम आहे, पळतो, एका माणसाने धरला तर पडत नाही. तेच स्प्रिंग गेममध्ये दिसत नाही, कारण हात लागला की डाव संपला. उलट जो पास टाकणारा दडपणाखाली घाबरतो तो तिथे राजा दिसतो, कारण त्याला माहीत असतं की आपल्याला कोणी आपटणार नाही. म्हणजे जे तपासायला आपण जातो नेमकं तेच झाकलेलं असतं. शिवाय कोच लोक डावपेचही साधेच दाखवतात, कारण सामना टीव्हीवर असतो आणि समोरचे कोचही टीव्ही बघतात. (समोरच्या कोचच्या खाणाखुणा चोरून वाचल्याच्या आरोपावरून मिशिगनने काय-काय ऐकलंय ते इथे काढत नाही. :))

---

रंकाळ्याचा_गडी | २१ एप्रिल, दुपारी १२:०५

आयला, मला वाटलं फुटबॉल म्हंजे आपला फुटबॉल. आमच्या कोल्हापुरातल्या पाटाकडील विरुद्ध दिलबहार असल्यागत धागा उघडला, तर हितं हातानं बॉल पळवत्यात.

पर नॉर्थकॅम्पसराव, तुमचा प्रश्न आमच्याकडं जुना हाय. तालमीत रोज एकाच जोडीदाराबरोबर लढलं की त्याचा डाव पाठ हुतोय. तुम्ही त्याला रोज चितपट करताय, वस्ताद पाठ थोपटतोय, आणि मैदानात नवा गडी आला की पट कधी काढला त्ये कळत बी न्हाई. म्हणून वस्ताद कोण कुणाला पाडतंय ह्येच्याकडं बघत न्हाई. दमल्यावर पाय कुठं पडत्यात तिकडं बघतोय.

---

बकआय_मावशी | २१ एप्रिल, दुपारी १:२०

कोलंबसहून, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावाहून, नमस्कार. शत्रूच्या धाग्यावर आलेय, चहा विचारा निदान.

गर्दीवरून आणि टाळ्यांवरून संघ कळत असता तर आमची कपाटं करंडकांनी भरली असती. २०१६ च्या आमच्या स्प्रिंग गेमला १,००,१८९ माणसं होती, त्यातली एक मी. सरावाला! त्या मोसमात तुम्हाला हरवलं ते खरं, पण शेवट काय? क्लेमसनने ३१-० धुतलं. एक गुण नाही हो. पुढचा आठवडाभर मी कुणाचा फोन घेतला नाही.

आमच्या घरात (नवरा आणि दोन्ही मुलगे वेडे आहेत) नियम आहे: एप्रिलमध्ये मैदान बघायचं नाही, दार बघायचं. कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय. आमच्याकडे यंदा कॅन्सस स्टेटहून विल हॉवर्ड आला, ओल मिसहून क्विन्शॉन जडकिन्स, आणि तिथले कोच निक सेबन निवृत्त झाले तसा अलाबामाहून केलेब डाउन्स. सराव न बघता सांगते, यंदा नोव्हेंबरात तुम्हाला तीस गुणांनी हरवू. तीन वर्षांचा हिशेब आहे.

---

नॉर्थकॅम्पस | २१ एप्रिल, दुपारी २:१५

मावशी, चहा आहे, पण बसायला जागा मेझ रंगाच्या खुर्चीतच मिळेल.

तीन वर्षं सलग आम्हीच जिंकलो: ४२-२७, ४५-२३, ३०-२४. तीन वर्षांचा हिशेब एवढा लक्षात आहे म्हटल्यावर चौथ्याचीही वही घालून ठेवा.

@रंकाळ्याचा_गडी, "दमल्यावर पाय कुठं पडतात" हे लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली हे गृहस्थ पॉडकास्ट का करत नाहीत.

---

आकडेमोड | २१ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

जेवण करून सविस्तर लिहितोय.

मी शिकायला बोल्डरला होतो, त्यामुळे कोलोरॅडोचा २२ एप्रिल २०२३ चा स्प्रिंग गेम प्रत्यक्ष पाहिलाय. बर्फ पडत होता. आदल्या मोसमात १-११ असलेला संघ, नवा कोच डिऑन सँडर्स, आणि तिकिटं विकत घेऊन ४७,२७७ लोक बर्फात बसलेले. एका रिसीव्हरने ९८ यार्डांचा टचडाउन काढला. आम्ही खुर्च्यांवर उभे. त्यानंतर काय झालं? तोच रिसीव्हर ट्रान्सफर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) गेला आणि दुसऱ्या विद्यापीठात पोचला. त्या दिवसाचा नायक मोसमात आमच्याकडे नव्हताच.

पुढचं जास्त शिकवणारं आहे. सप्टेंबरात टीसीयूला ४५-४२ हरवलं, पहिले तीनही सामने जिंकले, सगळा देश कोलोरॅडो-कोलोरॅडो. मग ओरेगॉनने ४२-६ केलं आणि मोसम ४-८ वर संपला. क्वार्टरबॅक उत्तम होता, ट्रॅव्हिस हंटर आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळायचा, असला खेळाडू मी दुसरा पाहिला नाही. पण ओ-लाइन गळकी. बर्फातल्या सामन्यात ती गळती दिसली नाही, कारण शेडूर सँडर्सला पाडायला मनाई होती.

म्हणून माझी पद्धत रूक्ष आहे. मागच्या वर्षीच्या खेळातला किती भाग परत येतोय? संघांची ताकद मोजणारा बिल कॉनेली त्याच्या एसपी-प्लस गणितात हेच धरतो: परतणारा खेळ, भरतीचा दर्जा, गेल्या काही वर्षांचा इतिहास. मिशिगन भरती आणि इतिहासात उत्तम, परतणाऱ्या खेळात देशात तळाच्या भागात. बचावात ग्रॅहम, ग्रँट, कॉर्नरबॅक विल जॉन्सन आहेत. आक्रमणात टाइट एंड कोल्स्टन लवलँड आणि रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) डोनोव्हन एडवर्ड्स सोडले तर बाकी सगळं नव्याने मांडायचं. वेळापत्रकात टेक्सस, ओरेगॉन, यूएससी, आणि शेवटी मावशींच्या घरी.

काका, मूर यांनी ओ-लाइन घडवली हे मान्य. पण मुख्य कोच झाल्यावर तो माणूस ओ-लाइनच्या खोलीत किती तास बसणार? देणगीदारांची जेवणं, भरती, पत्रकार. स्वयंपाकघर सुनेच्या हातात दिल्यावर सासूच्या हाताची चव राहतेच असं नाही.

माझा अंदाज: ७-५. आणि कोलंबसमध्ये सपाटून हार.

---

बकआय_मावशी | २१ एप्रिल, रात्री ८:३२

सासू-सुनेची उपमा सोडून बाकी सगळ्याला +१.

---

एफवन_अवस्था | २२ एप्रिल, सकाळी ८:०५

मग क्वार्टरबॅक कोण होणार? रूममेट म्हणतो ऑर्जी. लॅबमधला एक जण म्हणतो डेव्हिस वॉरन. त्याची गोष्ट ऐकून मी तर त्याच्याच बाजूचा झालोय. शाळेत असताना ल्युकेमिया, त्यातून बरा होऊन इथे वॉक-ऑन म्हणून आला, म्हणजे शिष्यवृत्तीसुद्धा नव्हती.

---

नॉर्थकॅम्पस | २२ एप्रिल, सकाळी ९:४०

वॉरनची गोष्ट ऐकून कुणीही त्याच्या बाजूचा होईल. पण भाऊ, समोरच्या संघाच्या डिफेन्सिव्ह एंडला ती गोष्ट माहीत नसते.

ऑर्जी, वॉरन, जेडन डेनेगल, नुकता शाळेतून आलेला जेडिन डेव्हिस, आणि दुखापतीने बाजूला बसलेला जॅक टटल. टटल कॉलेजच्या सातव्या वर्षात जाणार आहे. (हो, सातव्या. पीएचडीवाल्यांनी हसू नये.) पाच जण आहेत, म्हणजे पक्का एकही नाही. पण मला वाटतं ऑर्जीला पळवून, डी-लाइनच्या जोरावर १७-१० असे सामने काढता येतील.

---

आकडेमोड | २२ एप्रिल, सकाळी १०:१५

मला ह्याहून साधी खूण वाटते. पोर्टलची वसंतातली खिडकी यंदा १६ ते ३० एप्रिल. पत्रकार परिषदेत सगळेच कोच म्हणतात, "आमची क्वार्टरबॅकची खोली भक्कम आहे." मूर यांनी बाहेरून अनुभवी क्वार्टरबॅक आणला, तर समजा त्यांनी पंधरा सरावांत जे पाहिलं त्याने झोप उडालीय. नाही आणला, तर एक तर विश्वास आहे किंवा चांगला कुणी मिळाला नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, हीच पंचाईत.

---

नॉर्थकॅम्पस | २८ एप्रिल, रात्री १०:२०

तीन दिवस डेट्रॉइटला एनएफएल ड्राफ्टच्या (व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात त्या सोहळ्याच्या) गर्दीत होतो. आपल्या गणपती विसर्जनाला लाजवेल अशी गर्दी, फक्त गुलाल नव्हता. मिशिगनचे १३ जण निवडले गेले. आपल्या विद्यापीठाचा विक्रम! मॅकार्थी दहावा, मिनेसोटाकडे.

टाळ्या वाजवता वाजवता एकदम पोटात गोळा आला. हे तेरा जण परत येणार नाहीत. स्प्रिंग गेममध्ये मी पोरांकडे बघत होतो, पण बघायला हवं होतं ते मैदानावर नसलेल्या ह्या तेरांकडे.

अंदाज बदलतो: ९-३.

---

बकआय_मावशी | २८ एप्रिल, रात्री १०:४१

दर आठवड्याला एक सामना कमी करत गेलात तर ऑगस्टपर्यंत आमच्या घरी याल.

---

आकडेमोड | १ मे, सकाळी ७:३०

खिडकी बंद. क्वार्टरबॅक आणला नाही. ७-५ वर कायम.

---

एफवन_अवस्था | २२ सप्टेंबर २०२४, रात्री १२:५०

धागा वर काढतोय!!! यूएससीला २७-२४ हरवलं!!! घसा बसलाय. कॅलेल मलिंग्जने शेवटच्या मिनिटात टचडाउन केला.

वॉरनला बसवून ऑर्जीला खेळवलं. आणि काका, बसा आधी: ऑर्जीचे पासिंगचे यार्ड किती? ३२. अख्ख्या सामन्यात.

---

आकडेमोड | २२ सप्टेंबर, सकाळी ९:१०

३२ यार्डांत यूएससीला हरवणं हा बचावाचा आणि मलिंग्जचा मोठेपणा. पण महिन्याच्या सुरुवातीला टेक्ससने आपल्याच घरी ३१-१२ केलं ते विसरू नका.

मलिंग्जबद्दल एक कबुली. आधी हा बचावातला लाइनबॅकर होता, तिकडून रनिंग बॅक झाला. वसंतात मी एडवर्ड्सचं नाव लिहिलं, ह्याचं लिहायचं सुचलंही नाही. माझ्या गणितात तो "परतणारा खेळ" म्हणून जवळजवळ शून्य होता.

---

नॉर्थकॅम्पस | १ डिसेंबर २०२४, सकाळी ६:१५

झोप नाही. तेरा-दहा.

तेरा-दहा, कोलंबसमध्ये, आणि ओहायो स्टेटला जवळपास वीस गुणांनी जिंकण्याचा कौल असताना! लवलँड नाही, विल जॉन्सन नाही. वॉरनचे ६२ पासिंग यार्ड आणि दोन इंटरसेप्शन (पास समोरच्यांच्या हातात). मलिंग्जचे ११६ पळून. ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाची २१ यार्डांची किक. त्याने आधी ५४ यार्डांवरूनही मारली होती. तो झ्वाडा आर्कन्सॉ स्टेटहून पोर्टलमधून आलेला. एप्रिलमध्ये ह्या धाग्यावर किकरचा क सुद्धा कुणी काढला नव्हता, वर जाऊन बघा.

आणि ग्रॅहम-ग्रँट! ज्यांनी एप्रिलमध्ये आपल्या ओ-लाइनला भुसकट केलं, त्यांनी काल मावशींच्या ओ-लाइनचंही तेच केलं. पळून ७७ यार्ड, बस. म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: डी-लाइन लोखंडाची होती आणि ओ-लाइनही पापडाची होती. दोन्ही एकाच वेळी. एप्रिलमध्ये मला हे सुचलंच नाही, मी दोन्हीतलं एक निवडत बसलो.

---

आकडेमोड | १ डिसेंबर, सकाळी ८:००

मोसम ७-५. कुणी काही म्हणालं का? नाही? बरं.

---

नॉर्थकॅम्पस | १ डिसेंबर, सकाळी ८:०४

"आणि कोलंबसमध्ये सपाटून हार." वाक्याचा दुसरा अर्धा कुठे गेला?

---

आकडेमोड | १ डिसेंबर, सकाळी ८:२०

तो बारा सामन्यांतला एक. :) नाही, मान्य. वॉशिंग्टन, इलिनॉय, ओरेगॉन, इंडियाना हे पराभव माझ्या समजुतीप्रमाणे झाले: पास टाकता येत नाही, गाडी अडली की अडलीच. पण कालचा सामना माझ्या तक्त्यात बसत नाही. इंडियानाही बसत नाही. गेल्या वर्षी ३-९, नवा कोच कर्ट सिग्नेटी, जेम्स मॅडिसनहून स्वतःची पोरं घेऊन आला आणि आज ११-१. एप्रिलमध्ये तिथली पोरं एकमेकांना नवी असली तरी सिग्नेटीला नवी नव्हती. "परतणारा खेळ" मोजायचा तर तो दुसऱ्या विद्यापीठातून परतला तरी मोजावा लागेल. तक्त्यात नवा रकाना.

---

रंकाळ्याचा_गडी | १ डिसेंबर, सकाळी ९:३५

मावशी कुठं हाईत?

---

बकआय_मावशी | ४ डिसेंबर, रात्री ९:१५

आहे. जिवंत आहे. तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. धाकटा तर सामना संपल्यावर मैदानात झेंड्यावरून झालेली मारामारी आणि पेपर स्प्रे बघूनच रडवेला झाला.

तीस गुणांचं मी लिहिलं होतं ते कृपया कोणी उद्धृत करू नये.

---

बकआय_मावशी | २१ जानेवारी २०२५, सकाळी ७:००

उद्धृत करा आता! प्लेऑफमध्ये टेनेसी ४२-१७, ओरेगॉन ४१-२१, टेक्सस २८-१४, आणि काल अटलांटात नोत्र दाम ३४-२३. राष्ट्रीय विजेते. दारातून आत आलेले तिघेही, हॉवर्ड, जडकिन्स, डाउन्स, शेवटपर्यंत मैदानात. एप्रिलमध्ये दार बघा म्हणाले होते की नाही?

फक्त त्या एका शनिवारी दार बंद होतं.

---

नॉर्थकॅम्पस | २१ जानेवारी, सकाळी ७:४५

मनापासून अभिनंदन, मावशी. विजेते तुम्ही, पण हरवलं आम्ही, हे वाक्य पुढचे बारा महिने माझ्या गाडीवर राहील. शिवाय आम्ही अलाबामाला १९-१३ हरवून ८-५ वर संपवलं, म्हणजे आकडेमोडचा आकडा आणि माझा आकडा ह्यांच्यात... असो, त्याच्याच जवळचा आहे.

आता बेलव्हिलचा क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवुड आलाय, घरापासून अर्ध्या तासावरचा पोरगा. लेक पदवी घेऊन मे महिन्यात बाहेर पडतेय, म्हणजे एप्रिलचा स्प्रिंग गेम आमचा दोघांचा शेवटचा. ती आत्ताच म्हणाली, ह्या वेळी फोन घरी ठेवून येईन. मी किकर बघणार आहे.

---

एफवन_अवस्था | २१ जानेवारी, सकाळी ८:१०

काका, मला पण घ्या गाडीत. पोहे मी आणतो, थर्मास मात्र मोठा हवा.